पोलीस ठाण्यातली नागरिक बैठक : चहा बरा, काम शिक्क्यावर

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. सकाळी डबे, संध्याकाळी पोळ्या, रात्री साडेदहाला शटर खाली. गिऱ्हाईक निम्मं हॉस्टेलवरच्या पोरापोरींचं, निम्मं मुलं परदेशी गेलेल्या आजी-आजोबांचं. लोक माझ्या भाजीला मोबाइलवर तारे देतात. एकाने ‘चव उत्तम, पण काकू फार बोलतात’ म्हणून एक तारा कापला. आज काकूच परीक्षण लिहितेय, तेही अशा सेवेचं, जी पुण्यात फुकट मिळते, जिची जाहिरात कुणी करत नाही आणि जिथे वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसलेली असतात. पोलीस ठाण्यातली नागरिकांची बैठक.

ठाण्याचं नाव लिहिणार नाही. एक तर साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, मग परीक्षण कुणाचं केलं हेच कळेनासं होतं. आणि दुसरं म्हणजे मला तिथे परत जायचंय. एवढंच सांगते की आमचा भाग मुठा उजव्या कालव्याच्या कडेला आहे, आणि कालवा खडकवासल्यापासून हडपसरच्या पुढेपर्यंत जातो, तेव्हा शोधत बसा.

आधी प्रवेशाचं. आमंत्रण कुणाच्या घरी येत नाही. प्रत्येक ठाण्यात ‘गोपनीय’चं काम बघणारे एक-दोन अंमलदार असतात. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. सण, मोर्चे, मंडळं, भागातल्या हालचाली यांची नोंद ठेवायची हे त्यांचं काम, आणि बैठकीला कुणाला बोलवायचं ती यादीही त्यांच्याचकडे. यादीत मंडळांचे अध्यक्ष, सोसायट्यांचे चेअरमन, एखाद-दुसरे डॉक्टर, व्यापाऱ्यांपैकी कुणीतरी आणि ज्येष्ठ नागरिक संघातले आमचे नाना. बायका नावाला. मी ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर जाऊन विचारलं, ‘‘पुढची बैठक कधी आहे?’’

‘‘काकू, तक्रार काय आहे?’’

‘‘तक्रार नाही. बैठकीला यायचंय.’’

असं विचारत कुणी येत नसावं. त्यांनी आत हाक मारून गोपनीयच्या हवालदारांना बोलावलं. हवालदारांनी वहीत नाव, पत्ता, मोबाइल लिहून घेतला, व्यवसायापुढे ‘खानावळ’ लिहिलं (मी ‘पोळी-भाजी केंद्र’ करून घेतलं), आणि मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलं. झालं. ना ओळख लागली, ना नगरसेवकाची चिठ्ठी. प्रवेशाला पाचपैकी साडेतीन तारे. दीड यासाठी कापले की हे दारावर कुठेही लिहिलेलं नाही.

इथे एक अडचण बऱ्याच जणांची होते, ती म्हणजे आपलं ठाणं कोणतं हेच माहीत नसतं. २०२४ मध्ये शहरात आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली आणि जुन्या हद्दी तुटल्या. माझे एक गिऱ्हाईक राहायला गेलेत नव्या हद्दीत आणि अजून जुन्या ठाण्याच्या बैठकीला येतात, तिथे त्यांचं सगळं ऐकून घेतात आणि शेवटी ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतात. नदीपलीकडचे लोक तर १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या वेगळ्या आयुक्तालयात आहेत. जवळच्या चौकीत जाऊन विचारलं की दोन मिनिटांत कळतं. आणि विचारताना आपला बीट (म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा छोटा तुकडा) कोणता, बीट अंमलदार कोण, हेही विचारून घ्यावं. बैठकीतल्या साहेबांपेक्षा पुढे तोच माणूस जास्त उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष बैठक. वेळ सकाळी अकरा, वार कामाचा. म्हणजे नोकरदार बाद, कॉलेजची पोरं बाद, धुणं-भांडी करणाऱ्या मावश्या बाद. ज्यांना रात्री उशिरा रस्त्याने यावं लागतं ते सगळे बाद, आणि जे रात्री नऊला झोपतात ते हजर. वेळेच्या बाबतीत मी एकच तारा देते, आणि तोही जड हाताने. अकराची बैठक सुरू व्हायला पावणेबारा होतात, कारण साहेब बंदोबस्तात अडकलेले असतात. त्यात त्यांचा दोष नाही. पुण्यात रोज कुणाचा ना कुणाचा दौरा असतो.

बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे बॅनर, भिंतीवर हद्दीचा नकाशा. तो नकाशा जरूर बघा. हातानं रंगवलेला, त्यावर चौक्या, शाळा, मंदिरं, मशिदी, बँका, दारूची दुकानं, सगळं टिपलेलं. आमच्या गल्लीच्या जागी त्यावर एक मोकळी पांढरी पट्टी होती. गल्ली झाली वीस वर्षांपूर्वी, नकाशा त्याच्या आधीचा. मी बोट दाखवल्यावर एका शिपायाने तिथल्या तिथे पेनाने रेघ ओढली. मला त्या दिवशीचं सगळ्यात ठोस काम तेच वाटलं.

मग साहेब येतात, फोटो निघतात, आणि निम्मा वेळ मार्गदर्शनात जातो. सायबर फसवणूक, डिजिटल अटक (असला प्रकार कायद्यात कुठेही नाही, हे त्यांनी चांगलं ठासून सांगितलं), पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, ओटीपी कुणाला देऊ नका. माहिती खरी आणि गरजेचीही. माझ्याकडच्या एका आजोबांचे पैसे असेच जाता जाता वाचले, कारण नातवाने तासाभरात १९३० लावला. पण दर बैठकीला तेच गुऱ्हाळ चाललं तर नागरिकांच्या बोलण्याला उरतात वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत नाना उठतात आणि म्हणतात, ‘‘पुण्यात गुन्हेगारी फार वाढली आहे. कोयते काय, गाड्या फोडणं काय, हे पुणं राहिलं नाही.’’ टाळ्या. साहेब म्हणतात, ‘‘दखल घेतली जाईल.’’ मग कुणी पार्किंगवर बोलतं, कुणी कुत्र्यांवर, एकजण कबुतरांवर बोलला. पोलिसांनी कबुतरांचं काय करावं अशी त्याची अपेक्षा होती, देव जाणे.

नाना खोटं बोलत नव्हते. पण ‘गुन्हेगारी वाढली’ हे वाक्य घेऊन कुठला पोलीस कुठे जाणार? मी आमच्या गल्लीत रात्री बसणाऱ्या टोळक्याबद्दल बोलले तेव्हा साहेब म्हणाले, ‘‘ताई, लेखी द्या.’’ आजूबाजूला लोक हसले, कारण ‘लेखी द्या’ म्हणजे कटवलं असं आपल्याकडे धरलेलं असतं. माझ्या मते ह्या सगळ्या सेवेत खरी विकली जाणारी वस्तू तीच आहे. बैठकीत झालेलं बोलणं म्हणजे मळलेली कणीक, पोळी व्हायची तर पुढे लाटायला आणि भाजायला कुणीतरी बसावंच लागतं.

मी जे लिहून दिलं ते इथे जवळजवळ तसंच देते, कारण हवालदारांनी ते वाचून ‘‘हे चालेल’’ म्हटलं आणि त्यांच्या तोंडून ही मोठी पावती होती. कालव्याकडेची गल्ली, रस्त्यावरच्या दिव्याच्या अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत. वेळ रात्री दहा ते साडेअकरा, विशेषतः शुक्रवार-शनिवार. बंद पडलेल्या टेम्पोच्या आडोशाला चार-पाच जण दारू पीत बसतात. दोन दुचाकी, एकीला मागे नंबरप्लेट नाही. हॉस्टेलच्या मुली वाट वाकडी करून मुख्य रस्त्याने जातात. मागणी: ह्या वेळेत बीट मार्शलची फेरी, टेम्पो हलवणं, आणि दिव्यांसाठी महापालिकेला ठाण्याचं पत्र. बस्स. एका पानात मावलं. वर ‘पुणे हे विद्येचं माहेरघर असून’ वगैरे प्रस्तावना नाही.

खांबांचे नंबर कुठून आणले असं सगळे विचारतात. अहो, महापालिकेच्या दिव्याच्या खांबांवर नंबर रंगवलेले असतात. वर बघून चालायची सवय नाही आपल्याला, आणि पुण्यात खाली बघून चालण्यावाचून गत्यंतरही नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. शिक्का मारायला टाळाटाळ झालीच. ‘‘ठेवून जा ना काकू, आम्ही आहोत.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही आहातच, पण बदली झाली तर?’’ मारला शिक्का. त्या निळ्या गोल शिक्क्यानंतर माझ्याशी बोलण्याची पद्धत बदलली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता मी ‘ती कालव्याच्या अर्जवाली’ होते.

फेरी लगेच सुरू झाली. बीट मार्शल दोघं मोटारसायकलवरून येतात, गल्लीच्या तोंडाशी थांबतात, एक शिट्टी, एक चक्कर. टोळकं पांगलं, आठवड्याने परत आलं, परत पांगलं. टेम्पोला महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांनी नोटीस चिकटवली आणि नंतर उचलून नेला. आडोसा गेला तशी बैठक मोडली. त्यांची, आमची नाही. इथपर्यंत पोलिसांना चार तारे.

घोडं अडलं ते दिव्यांवर, आणि ह्याच्यावर जरा सविस्तर लिहिते कारण सुरक्षेचे अर्धे प्रश्न इथेच मरतात. दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे. पोलिसांनी पत्र दिलं, त्यांचा माणूस आला, बघितलं आणि म्हणाला, ‘‘दिवे चालू आहेत.’’ खरंच होते चालू. पण रेनट्रीच्या फांद्यांनी वरूनच गिळलेले. उजेड पानांवर पडत होता, रस्त्यावर नाही. फांद्या छाटायच्या तर त्याला उद्यान विभागाची परवानगी, कारण शहरातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. वाटेल त्याने कुऱ्हाड चालवायची नाही, आणि ते बरंच आहे. म्हणजे पोलीस म्हणतात विद्युत, विद्युतवाले म्हणतात उद्यान, उद्यानवाले म्हणतात आधी विद्युतचं पत्र आणा. ह्या टोलवाटोलवीत ठाण्यातली बैठक हात वर करते, कारण तिथे ह्यापैकी कुणी बसलेलंच नसतं.

म्हणून दुसऱ्या सेवेचं परीक्षण ओघाने आलं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातली मोहल्ला कमिटी. ही बैठक वेगळी, ठाण्याची वेगळी, पण दोन्हीकडे लोक ‘मोहल्ला कमिटी’च म्हणतात, त्यामुळे चुकीच्या दारात जाणारे बरेच भेटतात. मूळ पोलिसांच्या मोहल्ला समित्या गाजल्या त्या भिवंडीच्या. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या त्या गावात पुढे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी गल्लोगल्ली दोन्ही समाजांच्या साध्यासुध्या माणसांना पोलिसांबरोबर बसवलं, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुण्यातल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कमिटीत मात्र विषय कचरा, पाणी, दिवे, फूटपाथ, अतिक्रमण. महिन्यातून एकदा, सहायक आयुक्त किंवा त्यांचा प्रतिनिधी आणि प्रत्येक खात्याचा कुणीतरी इंजिनिअर एका टेबलाला. तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारायची. नोंदणी नाही, भागातला कुणीही जाऊ शकतो.

आणि इथेच माझं काम झालं. विद्युतचा आणि उद्यानचा माणूस एका टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. मी ठाण्याचा शिक्का असलेला अर्ज आणि रात्री दहाला काढलेला फोटो ठेवला. फोटोत दिवा दिसतो, रस्ता दिसत नाही. उद्यानवाले म्हणाले, ‘‘विद्युतचं पत्र आलं की करू.’’ मी म्हटलं, ‘‘विद्युत हे काय, तुमच्या शेजारून तिसरे.’’ खोलीत हशा पिकला. पत्र तिथेच लिहिलं गेलं. फांद्या छाटायला त्यानंतरही पावसाळा आडवा आला, पण छाटल्या. ह्या बैठकीला साडेतीन तारे. चहा मात्र अगदीच पांचट, ठाण्यातला बरा.

ह्या कमिटीचं महत्त्व मधल्या काळात फार वाढलं होतं, हेही सांगायला हवं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. जवळपास चार वर्षं ‘नगरसेवकाला सांगतो’ हा पर्यायच नव्हता. ज्यांना ह्या महिन्याच्या बैठकीची सवय लागली त्यांची कामं झाली, बाकीचे निवडणुकीची वाट बघत बसले. आता नगरसेवक आलेत तरी मी ती सवय सोडणार नाही. आणखी एक वाट म्हणजे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी काम सुचवायचं. २००६ च्या सुमारास पुण्याने हे सुरू केलं, देशात फार थोड्या शहरांनी केलं होतं. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. नवा दिवा, फूटपाथ, पथारी नसलेला कोपरा, असली छोटी कामं त्यात बसतात. निधी किती खर्च होतो यावर न बोललेलं बरं.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडली आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. ठाण्यात जायचंच नाही, ठाण्याला आपल्याकडे बोलवायचं. सोसायटीच्या लेटरहेडवर वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने एक पत्र: अमुक रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बैठक ठेवतोय, अधिकारी पाठवावा, महिला अधिकारी असल्यास उत्तम. आम्ही तीन सोसायट्या आणि मुलींच्या हॉस्टेलने मिळून पत्र दिलं. आली एक उपनिरीक्षक मॅडम आणि दामिनी पथकातल्या, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकातल्या, दोघी. ठाण्यात तोंड न उघडणाऱ्या पोरी इथे बोलल्या. तेही लगेच नाही. आधी चेअरमन, सेक्रेटरी, नाना, सगळ्यांची भाषणं झाली. मग मॅडमच म्हणाल्या, ‘‘आता पुरुषमंडळींनी जरा नाश्ता करून घ्या.’’ पोहे मी दिले होते. पुरुष पोह्यांकडे गेले आणि इकडे एका मुलीने सांगितलं की एक रिक्षावाला रोज हॉस्टेलच्या गेटपासून मागे येतो, रिक्षाचा नंबरही तिने लिहून ठेवलेला. मॅडमनी तो खिशातल्या वहीत उतरवला आणि तिला म्हणाल्या, ‘‘तक्रार द्यायची तर देऊ, नाही द्यायची तर आधी मी बोलते त्याच्याशी. तू सांग.’’ तिने तक्रार दिली. ह्या बैठकीला पाच तारे, आणि पोह्यांना कोथिंबीर कमी पडली म्हणून अर्धा मी माझाच कापते.

त्याच बैठकीत सीसीटीव्हीचं एक बारीक काम शिकलो. पोलीस सगळ्यांना सांगतात की सोसायटीचा एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा. आम्ही वळवला होता. मॅडमनी डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) उघडायला लावला, तर त्यावरचं घड्याळ तब्बल चाळीस मिनिटं मागे. गुन्हा दहाला झाला आणि फुटेजवर नऊ वीस दिसले तर पुढे वकील काय करेल, ते त्यांनी हसत सांगितलं. आणि रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा काही घडलं की फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. आमच्या वॉचमनला डीव्हीआरचा पासवर्डच माहीत नव्हता, चेअरमनना माहीत होता, आणि चेअरमन मुलाकडे ऑस्ट्रेलियात. असो.

शांतता समितीबद्दल थोडक्यात. गणेशोत्सव, ईद, मिरवणुका यांच्या आधी ही बैठक होते, तिथे मंडळांचीच चलती. मी गेले आणि स्पीकरच्या भिंतींचं विचारलं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तीही जास्तीत जास्त पंधरा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ४५ डेसिबल म्हणजे साधं बोलणंही त्याच्या वर जातं. सगळे गालात हसले. दीड तारा. पण मंडळातल्या पोरांना नावं ठेवणार नाही. रात्री दोनला गल्लीत जागी असतात ती तीच, आणि अनोळखी माणूस शिरला तर बीट अंमलदाराला पहिला फोन त्यांचाच जातो. माझ्या हातात असतं तर ठाण्याच्या बैठकीत अध्यक्षांऐवजी ह्या पोरांना बोलावलं असतं.

आता कुठे जायचं नाही ते. घटना घडत असेल तर बैठकीची वाट बघू नका, ११२ लावा. गुन्हा घडून गेला असेल तर तो बैठकीत सांगू नका, फिर्याद द्या. बैठकीत सगळ्यांसमोर सोनसाखळी चोरीची हकिकत सांगून घरी गेलेल्या एका ताई मला माहीत आहेत. त्यांना वाटलं साहेबांनी ऐकलं म्हणजे नोंद झाली. कसली नोंद? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘हद्द आमची नाही’ म्हणून माघारी पाठवलं तर हे कलम तोंडपाठ असलेलं बरं.

आणि बोलायला लोक घाबरतात ते साक्षीला खेटे घालावे लागतील म्हणून. माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी टोळकं रोज गॅलरीतून बघितलं, पण अर्जावर सही करीनात. ‘‘नको गं, ठाण्यात बोलावतील.’’ त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगते. तपासात चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं. साठीच्या वरच्या पुरुषांनाही तेच लागू. संहितेचं कलम १७९. हे ऐकून काकूंनी सही केली आणि शेजारच्या दोघींच्याही आणल्या. नानांनी मात्र मला विचारलं, ‘‘म्हणजे मी बैठकीला गेलो नाही तरी चालतं?’’ म्हटलं, नाना, ते वेगळं.

अर्ज देऊन काहीच हललं नाही तर ठाण्याच्या वर विभागाचे सहायक आयुक्त आणि परिमंडळाचे उपायुक्त असतात. तिथे भांडायला नाही, शिक्क्याची प्रत घेऊन जायचं आणि ‘ह्या तारखेच्या अर्जावर काय झालं’ एवढंच विचारायचं. बैठकीचं इतिवृत्त आणि त्यावर केलेली कार्यवाही माहिती अधिकारात मागता येते, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. मला त्याची गरज पडली नाही. पण पुढच्या बैठकीत मी इतिवृत्ताची प्रत ग्रुपवर टाका असं सुचवल्यावर जो शांतपणा पसरला, त्यावरून वाटतं की पडेल.

एकूण ह्या ठाण्यातल्या बैठकीला तीन तारे. संध्याकाळी सात नाहीतर रविवारी ठेवली, सायबरचं भाषण दहा मिनिटांत आटपलं, मागच्या बैठकीत कुणी काय मागितलं आणि काय झालं हे आधी वाचून दाखवलं, आणि महापालिकेच्या विद्युत खात्याचा एक माणूस कोपऱ्यात बसवला, तर चार द्यायला माझी तयारी आहे. हे चारही मुद्दे लेखी दिलेत. शिक्का आहे.

सध्या गल्लीच्या तोंडाशी, बिअर शॉपीच्या कोपऱ्यावर, तोच आडोसा नव्याने तयार होतोय. ह्या वेळी टेम्पोऐवजी बांधकामाच्या पत्र्यांचा. तिथे पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्कवाल्यांकडेही एक प्रत द्यावी लागणार. तिसरं टेबल. कुणाला अर्जाचा मायना हवा असेल तर केंद्रावर या, झेरॉक्स काढून ठेवल्यात, पैसे नाहीत. फक्त सहाच्या आधी या. नंतर तवा तापलेला असतो आणि मग मी बोलत नाही.